मणक्याच्या ऑपरेशनला ब्लॉक दिला तर पाय लुळे पडतात का?

वडिलांचं एल-४, एल-५ फ्यूजन (कमरेचे दोन मणके एकमेकांना जोडायचं ऑपरेशन) ठरलंय, भूलतज्ज्ञ ‘पाठीत ब्लॉक देऊ’ (म्हणजे नसा काही तास बधिर करणारं इंजेक्शन) म्हणालेत आणि पाय गेले तर काय, ही तुमची धास्ती. मी स्वतः भूल देतो. हा प्रश्न नेहमीचा आहे. पाठीत सुई म्हटलं की कमरेखालचं सगळं बधिर करणारं इंजेक्शनच डोळ्यांसमोर येतं.

हे ते नव्हे. मणक्यांमधून बाहेर पडल्यावर प्रत्येक नसेला दोन फाटे फुटतात. पुढचा पायाकडे जातो. मागचा पाठीचे स्नायू, मणक्यांचे छोटे सांधे आणि वरची कातडी सांभाळतो. ऑपरेशनची जखम जवळजवळ सगळी या मागच्या फाट्याच्या हद्दीत. इरेक्टर स्पायनी ब्लॉकमध्ये सोनोग्राफीवर बघत सुई मणक्याच्या बाजूला निघालेल्या हाडाला टेकवतात आणि हाड व स्नायू यांच्या मधल्या फटीत औषध पसरवतात, दोन्हीकडे. मज्जारज्जू त्या वाटेवर येत नाही. (गंमत म्हणजे २०१६ मध्ये हा ब्लॉक पहिल्यांदा मांडला गेला तो छातीच्या दुखण्यासाठी.)

शुद्धीवर येताच सर्जन ‘पायाची बोटं हलवा’ म्हणतात. ब्लॉकनंतरही ती हलायला हवीत, म्हणून तर आम्ही हा प्रकार निवडतो. क्वचित औषध पुढे झिरपतं आणि मांडी थोडा वेळ जड वाटते, त्यामुळे पहिल्यांदा उठताना कुणीतरी धरायला हवं. पण पाऊल उचलत नाही, लघवी अडली, जांघेत किंवा गुदद्वाराभोवती बधिर झालं, तर ‘ब्लॉकमुळे असेल’ म्हणून बसू नका. तिथल्या तिथे नर्सला सांगा.

आता खरी मेख. ब्लॉकमध्ये जे बधिर करणारं औषध असतं, बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन, त्याचा असर साधारण अर्धा दिवस, कधी थोडा जास्त. म्हणजे तो उतरतो नेमका रात्री. संध्याकाळी पेशंट म्हणतो, दुखतच नाही तर गोळी कशाला? आणि पहाटे तीनला कळवळतो. पॅरासिटामॉल वगैरे जे लिहून दिलंय ते घड्याळाप्रमाणे द्या, दुखायची वाट पाहू नका. ब्लॉकने मॉर्फिनसारखी औषधं कमी लागतात, बंद होतातच असं नाही. आणि दबलेल्या नसेमुळे पायात जाणारी कळ ब्लॉकच्या आवाक्यात नाही. ती राहिली म्हणजे ब्लॉक फसला, असं समजू नका.

छोट्या मायक्रोडिस्केक्टॉमीत (नसेवर दाबणारा चकतीचा तुकडा काढतात, त्यात) मी स्वतः ब्लॉकचा फार आग्रह धरत नाही, जखमेतच औषध टोचलं तरी बहुतेकदा भागतं. फ्यूजनला मात्र स्नायू बरेच सोलवटलेले असतात. तिथे मी ‘हो’ म्हणेन.

वडील रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, किंवा दात बधिर करायच्या इंजेक्शनने (तेही याच जातीचं औषध) पूर्वी काही त्रास झाला असेल, तर ते आधीच सांगा. वजनही नीट सांगा, औषधाची कमाल मर्यादा त्यावरच काढतात.