ड्रायव्हर चिप 'ओळखतो' की 'शोधतो'?

प्रश्न नागपूरचा आहे. सीताबर्डीत राउटर दुरुस्त करणाऱ्या पोरांसाठी एक जण मराठीत टिपणं लिहितोय. लिनक्सचा ड्रायव्हर (हार्डवेअरशी बोलणारा प्रोग्रॅम) फ्लॅश चिप, म्हणजे राउटरचं सॉफ्टवेअर साठवणारी चिप, 'ओळखतो' म्हणायचं, 'शोधतो' की 'डिटेक्ट करतो', असं त्याने विचारलंय. दुकानात तर 'चिप डिटेक्ट नाही होऊन राहिली' यावर सगळं भागतं.

बोलायला ते वाक्य झकास आहे. लिहिताना मात्र त्या 'डिटेक्ट'खाली दोन निराळे बिघाड झाकले जातात.

'शोधतो' आधी बाद करू. एसपीआय या मोजक्या तारांच्या जोडणीवर बसणाऱ्या अशा चिपच्या बाबतीत शोधाशोध नसतेच. राउटरमध्ये चिप कुठे जोडली आहे हे डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) मिळणाऱ्या हार्डवेअरच्या वर्णनात, आधीच लिहिलेलं असतं. ड्रायव्हर तिथे जाऊन ९एफ हा 'तू कोण?' विचारणारा आदेश देतो आणि चिप तीन बाइट परत पाठवते. विनबाँडच्या एका नेहमीच्या चिपचं उत्तर ईएफ, ४०, १८ असं येतं (अंक षोडशमान, म्हणजे १६ च्या पायावरच्या, पद्धतीतले). पहिला बाइट कंपनीचा, तो जेडेक ही मानकसंस्था ठरवून देते. पुढचे दोन कंपनीच्या मर्जीचे. इथे शेवटचा क्षमता सांगतो: षोडशमान १८ म्हणजे आपले २४, आणि २ चा २४ वा घात इतके बाइट म्हणजे १६ मेगाबाइट. मग ड्रायव्हर ही तिकडी आपल्याजवळच्या तक्त्याशी ताडून पाहतो.

म्हणजे क्रिया दोन, विचारणं आणि ताडणं. 'ओळखणे' फक्त दुसरीला लागू पडतं, कारण ओळखतो ते आधी माहीत असलेल्यालाच. बातमीत 'आरोपीची ओळख पटली' लिहितात तेव्हाही कुठल्यातरी नोंदीशी जुळणी झालेली असते.

तीनही बाइट एफएफ किंवा ०० आले तर बहुतेक वेळा चिप बोललेलीच नसते; सोल्डर, क्लिप, वीजपुरवठा बघा. बाइट धड आले पण तक्त्यात नाहीत, तर सोल्डरिंग गन खाली ठेवा, काम सॉफ्टवेअरचं आहे. लिनक्स मात्र दोन्हीकडे 'अनरेकग्नाइज्ड जेडेक आयडी बाइट्स' (ओळख न पटलेले बाइट) असाच संदेश देत आलाय. इंग्रजीतही घोळ आहेच, आपण तो कशाला उचलायचा?

ओळख पटूनही फसगत होते. मॅक्रोनिक्सच्या एमएक्स२५एल२५६३५ ई आणि एफ या दोन चिपांचे तीनही बाइट सारखेच, पण चार बाइटी पत्त्यांचे (१६ मेगाबाइटच्या पुढची जागा गाठायला लागणारे) खास आदेश फक्त एफला कळतात. तिथे ड्रायव्हरला एसएफडीपी तक्ता वाचावा लागतो. २०११ च्या जेईएसडी२१६ मानकातला हा तक्ता चिपच्या पोटातच असतो. क्षमता, आदेश, सगळं ती स्वतः सांगते. नवे कर्नल त्याच्या जोरावर ड्रायव्हरच्या तक्त्यात नसलेली चिपही चालवतात. याला मी 'चिप स्वतःची ओळख करून देते' म्हणेन.

तेव्हा टिपणात 'चिप उत्तर देत नाही' आणि 'चिपची ओळख पटत नाही' अशी दोन वाक्यं वेगळी ठेवावीत. दुकानात 'डिटेक्ट' चालू द्या.