पीएस४चे (सोनीच्या प्लेस्टेशन ४ या गेमिंग यंत्राचे) गेम पीएस५वर चालतात, मग माझ्या पीएस३च्या डिस्क का चालत नाहीत? प्रोसेसरने खरंच एवढा फरक पडतो का?

हो, पडतो. पीएस४ आणि पीएस५ दोन्हींत एएमडी कंपनीचा एक्स८६ जातीचा प्रोसेसर आहे, म्हणजे दोघांची भाषा एकच. पीएस३चं घराणंच वेगळं.

२००६ साली आलेल्या पीएस३मध्ये सोनी, तोशिबा आणि आयबीएमने मिळून बनवलेला ‘सेल’ प्रोसेसर होता. एक मुख्य कोअर (प्रोसेसरमधला आकडेमोड करणारा भाग) आणि सोबत एसपीई नावाचे आठ छोटे कोअर. त्यातला एक बंद, कारण एखादा कोअर सदोष निघाला तरी चिप फेकावी लागू नये. एक सिस्टिमसाठी राखीव. गेमच्या वाट्याला सहा.

कॉलेजात असताना मी पीएस३वर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून या एसपीईंसाठी कोड लिहिलाय (तेव्हा तशी सोय होती). प्रत्येक एसपीईजवळ स्वतःची जेमतेम २५६ केबी मेमरी, त्यातच प्रोग्राम आणि त्यातच डेटा. मुख्य मेमरीतलं काही थेट वाचता येत नाही. आधी मागवायचं, एका खेपेला फार तर १६ केबी, ते पोचलं का बघायचं, काम करायचं, उत्तर परत पाठवायचं. मेमरीतला पत्ता १६च्या पटीत नसला की प्रोग्राम तिथेच आडवा. एक फोटो नुसता धूसर करायला माझ्या तीन रात्री गेल्या. पण हातातलं काम संपायच्या आत पुढची खेप मागवून ठेवायचं तंत्र जमलं, आणि तोच प्रोग्राम असा पळाला की मी परत परत चालवून बघत बसलो!

डेव्हलपरांचं दुखणं हेच होतं. मायक्रोसॉफ्टच्या प्रतिस्पर्धी एक्सबॉक्स ३६०मध्ये तीन सारखे कोअर आणि ५१२ एमबी सामायिक मेमरी. पीएस३मध्ये तेवढीच, पण २५६-२५६ अशी वाटलेली. त्यामुळे दोन्हींवर आलेला ‘बायोनेटा’ हा गेम पीएस३वर अडखळायचा. फक्त पीएस३साठी जीव ओतणाऱ्या नॉटी डॉग या गेम स्टुडिओने मात्र २०१३मध्ये त्याच चिपवर ‘द लास्ट ऑफ अस’ हा गेम करून दाखवला.

आणि खेळणाऱ्यांना काय? २०१३च्या पीएस४मध्ये सेल नव्हता, जुन्या डिस्क तिथेच अडल्या. ‘द लास्ट ऑफ अस’ही २०१४मध्ये पीएस४साठी वेगळा काढावा लागला. सेलची नक्कल करणारं आरपीसीएस३ नावाचं सॉफ्टवेअर पीसीवर आहे, पण त्याला दणकट प्रोसेसर लागतो.

म्हणून तुमचा पीएस३ चालू असेल तर विकू नका. पंख्यातली धूळ काढा, थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घ्या. त्या डिस्कसाठी तोच सगळ्यात भरवशाचा.