कुत्रा थोडासा लंगडतो, पण दवाखान्यात नेला की नीट चालतो. कुठला पाय दुखतोय हे घरी कसं ओळखायचं?

दवाखान्यात नीट चालतो म्हणजे नाटकं करतो, असं तुम्हाला एव्हाना कुणीतरी सांगितलं असेलच. आमच्याकडे माझ्या धाकट्या दिरांनी सांगितलं होतं. म्हणून तर लिहायला बसले, नाहीतर आज तीन ब्लाउज द्यायचेत.

आधी तुमचं. पुढचा पाय दुखत असेल तर दुडक्या चालीत मान बघा. दुखरा पाय टेकताना मान वर जाते, चांगला टेकताना खाली. लोक नेमकं उलटं धरतात. अहो, दुखऱ्या पायावर डोक्याचा भार कोण टाकेल? मागचा पाय असेल तर मागे उभं राहून कंबर बघा, दुखऱ्या बाजूचा खुबा जास्त वरखाली होतो. झालं.

आमची बुंदी मात्र इतकी सरळ नव्हती. लॅब्रॅडॉर, तेव्हा ६ वर्षांची, वजन ३६ किलो. (चहाबरोबर बिस्किटं कोण चारायचं ते घरात सगळ्यांना माहीत आहे.) झोपून उठली की चार पावलं आखडत टाकायची, मग नीट. भाऊजी म्हणायचे, "वहिनी, बिस्किटांचा डबा वाजवा, बघा कशी पळत येते." यायचीच पळत. पहिल्या डॉक्टरांनी तिला चालवून बघितलं, मान हलतेय म्हणाले आणि पुढच्या उजव्या खांद्याचा एक्सरे काढला. एक्सरे स्वच्छ. पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, गोळ्या संपल्या की परत तेच. भाऊजी खूश.

एका दुपारी मी मशीनवर होते आणि बुंदी पाणी प्यायला चालली होती. फरशीवर नखांचा आवाज येत होता: टक, टक, टक, आणि चौथं पाऊल जवळजवळ मुकं. मशीन थांबवून तिला आडवं केलं. मागच्या उजव्या पायाची नखं बाकीच्या तिन्ही पायांपेक्षा लांब. वाढली नव्हती, झिजतच नव्हती. टेप गळ्यातच होती. दोन्ही मांड्या एकाच उंचीवर मापल्या, तीन-तीनदा. डावी ४१ सेंटिमीटर, उजवी साडेअडतीस. अडीच सेंटिमीटर! एवढा फरक पडला तर माझं गिऱ्हाईक ब्लाउज तोंडावर फेकेल. मग आणखी एक लक्षात आलं, बसताना ती उजवा गुडघा दुमडतच नव्हती, पाय बाहेर सोडून बसायची. रोज डोळ्यांसमोर होतं आणि आम्ही "किती गोड बसते" म्हणून फोटो काढत होतो.

संध्याकाळी मुलाला पट्टा सैल धरून सरळ डांबरी रस्त्यावर तिला दुडक्या चालीने न्यायला लावलं. मी मागे उकिडवी बसून फोनवर स्लो मोशन घेतलं, सेकंदाला २४० फ्रेम, मग दोन्ही बाजूंनी. त्यात मानेचं कोडं सुटलं. दुडकीत तिरके पाय एकदम पडतात, मागचा उजवा आणि पुढचा डावा. मागचा उजवा दुखतो म्हणून तो टेकताना बुंदी मान खाली घालून भार पुढे ढकलायची. त्याच क्षणी पुढचा डावा टेकलेला. बघणाऱ्याला वाटणार, मान डाव्यावर पडते, म्हणजे पुढचा उजवा दुखरा. डॉक्टरांचा नियम बरोबर होता, पाय चुकला.

पुण्यातल्या सर्जनांना व्हिडिओ आणि मापांचा कागद दिला. त्यांनी भूल देऊन गुडघा हलवला तर नडगीचं हाड पुढे सरकलं. लिगामेंट फाटलेलं. ऑपरेशन झालं, वजन ३१ वर आणलं, उजवी मांडी आता साडेचाळीस आहे.

पहिल्या डॉक्टरांवर माझा राग नाही. किंचित लंगडणं अनुभवी डोळ्यालाही हुलकावणी देतं. म्हणून मोठ्या ठिकाणी फोर्स प्लेट असते, कुत्रं तिच्यावरून चालवून प्रत्येक पायाचा जोर मोजतात. राग आहे तो न मोजताच "नाटकं" म्हणणाऱ्यांवर. निरोगी कुत्रं उभं असताना साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. त्यामुळे मागचा पाय बारीकसारीक चोरला तर कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि घाबरलेलं किंवा हावरट कुत्रं दुखणं विसरूनच पळतं.

हां, एक राहिलं. आज हा पाय, उद्या तो, सोबत ताप किंवा सुस्ती असेल तर व्हिडिओ काढत बसू नका, गोचीड तापासाठी रक्त तपासा. पाय टेकतच नसेल किंवा पाऊल उलटं पडत असेल तरी तडक डॉक्टर. आणि घरातली पॅरासिटामॉल, कॉम्बिफ्लाम कुत्र्याला अजिबात देऊ नका, जिवावर बेततं.

डबा वाजवून तर मुळीच तपासू नका. ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी माझ्या हातून चुकून डबा वाजला, तर बुंदी तीन पायांवर स्वयंपाकघरात हजर. भाऊजी समोरच चहा पीत होते. काही बोलले नाहीत.