'रात्रपाळी'तली पाळी आणि 'मासिक' पाळी

प्रश्न असा आहे : 'रात्रपाळीमुळे पाळी चुकते' या मथळ्यातल्या दोन्ही पाळ्या एकच का? आणि शरीराच्या रोजच्या लयीसाठीच्या 'सर्केडियन' (circadian) या इंग्रजी शब्दाला 'दैनिक' म्हणणं बरोबर आहे का?

शब्द एकच. पाळी म्हणजे क्रमाने फिरून येणारी वेळ. 'पाळीपाळीने', 'आता तुझी पाळी' यांतही तीच आहे. संस्कृत 'पालि' म्हणजे कड किंवा रांग. कडेवरून कानाची पाळी आली, रांगेवरून आपला नंबर.

मला खटकतं ते 'चुकते'. पाळी चुकली म्हटलं की आधी मनात येतं, दिवस तर राहिले नाहीत ना? रात्री काम करणाऱ्या स्त्रियांत जास्त आढळते ती अनियमितता. म्हणून 'पाळी मागेपुढे होते' असं लिहावं.

रात्रपाळीचा आणि मासिक पाळीचा संबंध मात्र खरा आहे. मेंदूतलं मुख्य घड्याळ हायपोथॅलॅमसमध्ये असतं आणि डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडावरून वेळ जुळवतं. बीजांड सुटण्याआधी एलएच हे संप्रेरक उसळी घेतं, आणि ती उसळी बहुतेकींत उत्तररात्री ते सकाळ या वेळात सुरू होते. म्हणजे महिन्याच्या कामालाही दिवसाची वेळ ठरलेली. उलटंही घडतं. बीजांड सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं, अंगाचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं आणि रात्री ते उतरायचं तेवढं उतरत नाही. हा चढ टिपायचा तर तापमान रोज उठल्याउठल्याच मोजावं लागतं, नाहीतर दिवसभराच्या चढउतारात तो हरवतो.

आता 'सर्केडियन'. फ्रान्झ हालबर्ग यांनी १९५९ साली हा शब्द घडवला : लॅटिन 'सर्का' म्हणजे सुमारे, 'दिएस' म्हणजे दिवस. 'दैनिक'मध्ये ते 'सुमारे' गळतं, ही तक्रार रास्त आहे. उजेड-अंधाराची खूण मिळाली नाही तर माणसाचं आतलं घड्याळ एका फेरीला २४ तासांपेक्षा किंचित जास्त वेळ घेतं. स्त्रियांत तो सरासरीने पुरुषांपेक्षा काही मिनिटं कमी भरतो.

तरी मी 'दैनिक लय'च लिहितो. 'मासिक' पाळी तरी कुठे मोजून महिन्याची असते? २१ दिवसांची असो की ३५, शब्दाला कुणी हरकत घेत नाही. (दैनिक काय, मासिक काय, शेवटी दोन्ही नियतकालिकंच!) 'अहोरात्र लय' अर्थाने चांगला आहे, पण 'अहोरात्र' ऐकलं की अखंड मेहनतच आठवते.