पिस्तुलाची लांबी की ‘पिस्तूल’ नावाची लांबी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांसाठी लिहिलेला एक लेख तुम्ही मराठीत आणताय. रायफलच्या घाटाचं पिस्तूल स्वतः जुळवताना त्याच्या गॅस सिस्टीमचे भाग कसे निवडायचे, हा त्याचा विषय. त्यातल्या ‘पिस्टल-लेंग्थ गॅस सिस्टीम’चं तुम्ही ‘पिस्तुलाच्या लांबीची वायुप्रणाली’ असं भाषांतर केलंत, आणि तुमच्या संपादकांनी शेजारी प्रश्नचिन्ह काढलं. तीनही शब्द कोशाप्रमाणे बरोबर असताना चुकलं कुठे, असं तुम्ही विचारता.

संपादकांची शंका रास्त आहे. शब्द बरोबर आहेत, पण अर्थ दुसराच लागतोय.

आधी वस्तू डोळ्यांसमोर आणू. काडतुसातली दारू जळते, तिचा गॅस होतो आणि तो गोळीला नळीतून पुढे रेटतो. अशा हत्याराच्या नळीला मध्येच एक बारीक छिद्र असतं. गोळी ते ओलांडून गेली की थोडा गॅस त्या छिद्रातून वर निघतो, मागे वळतो आणि त्याच्या जोरावर आतली यंत्रणा मागे सरकते. रिकामं काडतूस बाहेर पडतं, नवं आत येतं. हे छिद्र नळीवर किती पुढे आहे त्यावरून गॅस सिस्टीमला चार नावं पडली: पिस्टल, कार्बाइन, मिड आणि रायफल. मागच्या टोकापासूनचं अंतर अनुक्रमे साधारण ४, ७, ९ आणि १२ इंच.

म्हणजे इथे ‘पिस्टल’ हे हत्याराचं नाव नसून मापाचं नाव आहे. आपल्याकडे ‘नऊवारी’त माप हेच लुगड्याचं नाव झालं, इथे उलट घडलंय, हत्याराचं नाव माप झालंय. म्हणून तर पिस्तुलावर कार्बाइन-लांबीची सिस्टीम बसवलेली असते आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही. तुमच्या भाषांतरात मात्र पुढच्याच परिच्छेदात ‘या पिस्तुलाला कार्बाइनच्या लांबीची प्रणाली’ असं वाक्य येईल, आणि वाचक दोन हत्यारांची लांबी शेजारी ठेवून मोजत बसेल.

मग काय लिहावं? मी लांबीच सांगेन: आखूड, कार्बाइन, मधली, लांब. पहिल्यांदा येईल तिथे ‘आखूड, म्हणजे पिस्तूल-मापाची’ असं एकदा सांगून टाकावं. ‘कार्बाइन’च्या जागी मला ‘कडाबीन’ घालायचा फार मोह होतो. जुन्या मराठीत हा शब्द होता, कार्बाइनच्याच कुळातला, आपल्या जिभेवर घोळून ‘ड’ घेतलेला. बंदुकीहून आखूड, पिस्तुलाहून लांब अशा हत्याराला तो नेमका बसतो. पण आजच्या वाचकाला कडाबीन म्हटलं की घोडेस्वार दिसतो, तेव्हा तांत्रिक लेखात कार्बाइनच ठेवा. ऐतिहासिक कादंबरी भाषांतरित कराल तेव्हा कडाबीन विसरू नका.

आता ‘वायू’. या शब्दावर माझा आक्षेप जास्त आहे. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात वायू ठीक. पण ‘वायुचलित पिस्तूल’ लिहिलंत की कोल्हापूरच्या वाचकाला एअर पिस्तूलच आठवेल. तिथे नेमबाजी घराघरात पोचलेली आहे. राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक घेतलं, स्वप्निल कुसाळेने २०२४मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य. एअर पिस्तुलात छर्रा दाबलेल्या हवेने सुटतो, दारूचा संबंधच नाही. तुमच्या लेखातला गॅस जळालेल्या दारूचा. एका शब्दाने दोन वेगळ्या यंत्रणा एक होऊन जातात. ‘गॅस’ मराठी झालेला आहे, तोच असू द्या. माझे मामा फौजेत एसएलआर, म्हणजे अशाच गॅसवर चालणारी रायफल, वापरायचे. ते गॅस प्लग, पिस्टन म्हणायचे आणि साफसफाईच्या कपड्याला ‘चिंदी’. जिथे मराठी शब्द हाताशी होता तिथे तो आपसूक आला, नव्हता तिथे त्यांनी ओढून आणला नाही. भाषांतराला मी हीच कसोटी लावतो.

‘गॅस ट्यूब’ला तुम्ही ‘गॅसची नळी’ केलंय. अडचण अशी की बंदुकीची नळी म्हणजे बॅरल, हे मराठीत पक्कं झालेलं आहे. दोन बॅरलची ती दुनळी. एकाच वाक्यात दोन नळ्या आल्या की घोटाळा ठरलेला. ‘नळकांडी’ही नको, वर्तमानपत्रांनी ती अश्रुधुराला देऊन टाकली आहे. बॅरलला नळी आणि दुसरीला गॅस ट्यूब, एवढं पुरे. ‘गॅस ब्लॉक’चा ‘ठोकळा’ करू नका. तो छिद्रावर बसून गॅसला ट्यूबमध्ये वळवणारा भाग आहे, ठोकळ्यात वळवणं येत नाही.

छिद्रासाठी मात्र आपल्याकडे एक सुंदर शब्द आहे: कान. ‘तोफांच्या कानांत खिळे ठोकून त्या निकामी केल्या’ हे वाक्य इतिहासाच्या पुस्तकांत तुम्ही वाचलं असेल. ज्या छिद्रातून बत्तीचा विस्तव आतल्या दारूपर्यंत पोचायचा तो तोफेचा कान. त्या कानातून आग आत जायची, या नव्या कानातून गॅस बाहेर येतो. दिशा उलटी, पण दोन्ही छिद्रं नळीच्या अंगावरच. ‘गॅसचा कान’ वाचकाला एकदा समजावून दिलात तर तो विसरणार नाही. धाडस नको वाटलं तर ‘गॅसचं छिद्र’ लिहा, त्यातही काही बिघडत नाही.

छिद्र ओलांडल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंतच्या क्षणाला मूळ लेखात ‘ड्वेल टाइम’ म्हटलंय. तेवढा वेळ नळीतला दाब टिकून असतो. ‘निवासकाळ’ हा तुमचा शब्द वसतिगृहाच्या नियमावलीतला वाटतो. ‘दाब टिकण्याचा वेळ’ असं साधं लिहा. ‘ओव्हरगॅस्ड’ आणि ‘अंडरगॅस्ड’ यांना तर शब्द शोधायलाच नको: ‘गॅस जास्त होतो’, ‘गॅस कमी पडतो’.

रायफलसारख्या दिसणाऱ्या वस्तूला पिस्तूल का म्हणावं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. त्याचं उत्तर अमेरिकी कायद्यात आहे. तिथल्या १९३४च्या बंदूक-कायद्याखाली १६ इंचांहून आखूड नळीच्या रायफलची वेगळी नोंदणी लागते. खांद्याला टेकवायचा दस्ता नसलेलं, एका हाताने झाडता येईल अशा रचनेचं हत्यार मात्र पिस्तुलात मोडतं. म्हणून एआर जातीच्या रायफलचेच भाग घेऊन, आखूड नळी लावून, दस्ता न बसवता जे तयार होतं ते ‘एआर पिस्तूल’. यातलं एआर म्हणजे आर्मालाइट रायफल, कंपनीच्या नावावरून. नावात रायफलही आहे आणि पिस्तूलही, ती रायफल आणि ते पिस्तूल. मराठीत लिंग पाळावं लागतं, म्हणून लेखभर ‘ते’ धरा. कायद्याने ते पिस्तूलच आहे.

आणि शीर्षकातलं ‘घरगुती बनावटीचे पिस्तूल’ आधी काढा. ‘बनावट’ म्हटलं की एक तर खोटं, नाही तर गावठी कट्टा, आणि पाठोपाठ गुन्हे शाखेची बातमी. मूळ लेखात कारखान्यात तयार झालेले सुटे भाग तिथल्या कायद्यात राहून जोडणं आहे. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय हत्यार तयार करणं गुन्हा आहे, तेव्हा हे अमेरिकेतलं आहे असं पहिल्याच ओळीत येऊ द्या. शब्द ‘जुळणी’ घ्या.

तुमचं अडलेलं वाक्य मी असं लिहीन: ‘नळी फार आखूड असेल तर अमेरिकेतले जुळणी करणारे बहुधा आखूड, म्हणजे पिस्तूल-मापाची, गॅस सिस्टीम निवडतात. गोळी गॅसच्या कानापुढे गेल्यावर नळी थोडीच उरते, त्यामुळे कान मागे असला तरच दाब टिकायला वेळ मिळतो.’