अवरक्त नॅनोकण: किती खोलवर दिसते, आणि मग ते कण जातात कुठे?

तळहाताखाली मोबाइलचा टॉर्च लावला की लाल प्रकाश आरपार येतो. मग अवरक्त किरणांनी पोटातले सगळे का दिसू नये? (बारावीचा विद्यार्थी, सांगली)

तुझे निरीक्षण अगदी बरोबर आहे, आता त्यात आणखी एक गोष्ट बघ. तळहात लाल उजळतो, पण बोटाच्या हाडाची कड मात्र दिसत नाही. प्रकाश आरपार येतो खरा, पण वाटेत पेशी, चरबी आणि तंतू यांच्यावर आपटून विखुरत येतो. तरंगलांबी वाढते तसे हे विखुरणे कमी होते, म्हणूनच संशोधकांचे लक्ष 1000 ते 1700 नॅनोमीटर या अवरक्त पट्ट्याकडे गेले (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). हा पट्टाही सगळा सारखा नाही. 1450 नॅनोमीटरच्या आसपास शरीरातले पाणीच प्रकाश शोषून घेते, तेवढा भाग टाळावा लागतो.

स्टॅनफर्डमधील होंगजिए दाई यांच्या गटाने 2009 मध्ये कार्बन नॅनोनळ्या, म्हणजे शरीरात सोडल्यावर या पट्ट्यात उजळणारे कार्बनचे अतिसूक्ष्म कण, वापरून जिवंत उंदराच्या रक्तवाहिन्या टिपल्या. 2014 मध्ये त्यांनी कवटी न उघडता उंदराच्या मेंदूतल्या वाहिन्या पाहिल्या, दोन मिलिमीटरपेक्षा जास्त खोलीवर. उंदरासाठी ही फार मोठी मजल आहे. माणसाची नुसती कवटीच त्याहून जाड असते.

एर्बियमच्या कणांबद्दल वाचले. या दुर्मिळ मृदा धातूंत विशेष काय? (एम.एस्सी. भौतिकशास्त्र, नाशिक)

अशा कणात सहसा दोन धातू जोडीने काम करतात. यटर्बियम 980 नॅनोमीटरचा लेझर शोषून ती ऊर्जा शेजारच्या एर्बियमला देते आणि एर्बियम साधारण 1550 नॅनोमीटरला उजळते. मला यात सर्वांत सुंदर वाटतो तो वेळेचा खेळ. ऊतकांची स्वतःची चमक काही नॅनोसेकंदांत विझते, तर हे कण मायक्रोसेकंद ते मिलिसेकंद उजळत राहतात. लेझरचा झोत बंद करून क्षणभर थांबले आणि मग कॅमेरा उघडला, की मागची नकोशी चमक गेलेली असते आणि फक्त कण दिसतात.

अडचणी दोन. 980 ला पाणीही थोडे शोषण करते, त्यामुळे लेझर जोरात लावला तर ऊतक तापते. म्हणून निओडिमियम घालून 808 चा लेझर वापरण्याचा मार्ग निघाला. दुसरी अडचण कॅमेऱ्याची. नेहमीच्या कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनला 1100 च्या पुढचे दिसत नाही, इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा संवेदक लागतो आणि तो बराच महाग असतो.

क्वांटम डॉट्सना 2023 चे नोबेल मिळाले. मग रुग्णालयात ते का दिसत नाहीत? (निवृत्त शिक्षिका, ठाणे)

कारण हे डॉट्स म्हणजे अर्धवाहकाचे काही नॅनोमीटरचे उजळणारे कण, आणि शरीरात गेलेली वस्तू बाहेरही पडली पाहिजे. त्या नोबेलच्या मानकऱ्यांपैकी मौंगी बावेंडी यांचा सहभाग असलेल्या 2007 च्या अभ्यासात दिसले, की आवरणासकट साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून लघवीवाटे निघून जातात. त्याहून मोठे बहुतांशी यकृत आणि प्लीहेत अडकतात. अवरक्तात उजळणाऱ्या कित्येक डॉट्समध्ये शिसे असते. ते महिनोन्‌महिने यकृतात राहणे मला कोणत्याही रुग्णासाठी मान्य नाही. सिल्व्हर सल्फाइडचे डॉट्स त्यामानाने बरे, पण तेही आधी बाहेर पडायला हवेत. नवा कण कितीही तेजस्वी असो, मी आधी हाच प्रश्न विचारतो.

वडिलांच्या डोळ्यांच्या तपासणीत शिरेतून हिरवा रंग दिला. ते नॅनोकण होते का? (पुणे)

नाही. वर्णनावरून तो इंडोसायनिन ग्रीन असावा. तो साधा रेणू आहे, अमेरिकेत 1959 पासून मान्यताप्राप्त. रक्तातल्या प्रथिनांना चिकटून फिरतो आणि यकृत त्याला काही मिनिटांतच पित्तात टाकू लागते. त्यात थोडे आयोडाइड असते, म्हणून वडिलांना आयोडीनची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. शस्त्रक्रियेत आतड्याच्या जोडाला रक्त पोचते आहे का, हे पाहायलाही हाच रंग वापरतात.

आईच्या स्तनात गाठ लागते. बायोप्सीची तिला भीती वाटते. ही नवी तपासणी येईपर्यंत थांबावे का? (कोल्हापूर)

थांबू नका. हे कण अजून संशोधनाच्या टप्प्यात आहेत, आणि कणांनी गाठ उजळली तरी ती कसली आहे याचा निर्णय पेशी तपासूनच होतो. मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि डॉक्टरांनी सांगितल्यास सुईची बायोप्सी हाच आजचा मार्ग आहे. बायोप्सी जागा बधिर करून होते, हे आईला सांगा, आणि याच आठवड्यात तिच्यासोबत जा.