नागपूरहून अर्ध्या दिवसात, आईबाबांना न दमवता गाडीने माथ्यावर जायला कोणता डोंगर?

रामटेक, दुसरा विचारच नको. जबलपूर रोडने मनसर, तिथून उजवीकडे. सगळं मिळून साधारण 50 किमी. वर्षातून दोन-तीनदा जातो म्हणून सांगतो: गाडी घाटाने पार वर, गडमंदिराजवळच्या पार्किंगपर्यंत जाते. पुढे थोड्या दगडी पायऱ्या आहेत. गुडघे फारच दुखत असतील तर कालिदास स्मारकाच्या बाजूलाच बसवा. वरून खिंडसी तलाव दिसतो. केवल नरसिंह मंदिर चुकवू नका, आत वाकाटककालीन शिलालेख आहे. प्रसादाची पिशवी मात्र हातात धरू नका, माकडं सरळ हिसकावतात. खरी उंची हवी तर चिखलदरा, सुमारे 1,100 मीटर. पण ते सव्वादोनशे किमी, मुक्कामाशिवाय जमत नाही.